मेंदूतील हिवताप आणि प्रतिमाचित्रण : शवविच्छेदनापासून चुंबकीय प्रतिमेपर्यंतचा इतिहास

सारांश

हिवतापाच्या इतिहासलेखनात परजीवीचा शोध, डासाचा शोध, क्विनाइनचा प्रसार आणि निर्मूलनाच्या मोहिमा या विषयांवर विपुल लेखन झाले आहे. त्या मानाने हिवताप मेंदूवर नेमका कोणता परिणाम करतो हे जाणून घेण्याच्या प्रयत्नांचा इतिहास उपेक्षित राहिला आहे. प्रस्तुत शोधनिबंधात १८८० ते २०२३ या कालखंडातील या प्रयत्नांचा आढावा घेतला असून, मृत मेंदूच्या सूक्ष्मदर्शकीय अभ्यासाकडून जिवंत मेंदूच्या प्रतिमेकडे झालेल्या वाटचालीचे टप्पे मांडले आहेत. थायलंड, केनिया, मलावी आणि भारतातील राउरकेला येथील अभ्यासांच्या आधारे असे प्रतिपादन केले आहे की, प्रतिमाचित्रणाने या रोगाविषयीच्या जुन्या समजुती तपासून घेण्याचे साधन दिले. परंतु हे साधन रोग्यांच्या प्रदेशात फार उशिरा पोहोचल्यामुळे ज्ञानाला आणि उपचाराला दीर्घकाळ अंदाजावर विसंबून राहावे लागले.

बीजसंज्ञा : हिवताप, प्लास्मोडियम फाल्सिपेरम, मेंदूची सूज, सीटी स्कॅन, एमआरआय, दृष्टिपटल, मलावी, राउरकेला.

प्रस्तावना

हिवताप हा मानवाच्या अतिप्राचीन रोगांपैकी एक आहे. आयुर्वेदाच्या संहिताग्रंथांत ‘विषमज्वर’ या नावाने ठरावीक अंतराने येणाऱ्या तापाचे वर्णन आढळते आणि तृतीयक, चतुर्थक असे त्याचे प्रकारही सांगितलेले आहेत. थंडी वाजून येणे, अंग तापणे आणि घाम येऊन ताप उतरणे हे या रोगाचे सर्वपरिचित रूप होय. त्याचे दुसरे रूप मात्र अधिक भयावह आहे. सकाळी अंगात ताप असलेले मूल दुपारी आकडी येऊन बेशुद्ध पडते आणि एक-दोन दिवसांत दगावते. प्लास्मोडियम फाल्सिपेरम या परजीवीमुळे होणाऱ्या या अवस्थेला मेंदूतील हिवताप असे म्हटले जाते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात हिवतापाचे सुमारे २६ कोटी ३० लाख रुग्ण होते आणि ५ लाख ९७ हजार मृत्यू झाले. यांपैकी सुमारे ९५ टक्के मृत्यू संघटनेच्या आफ्रिका विभागातील असून त्यांत पाच वर्षांखालील बालकांचे प्रमाण सुमारे तीन चतुर्थांश आहे. गंभीर हिवतापाने मृत्यू होण्याच्या कारणांत मेंदूतील हिवताप हे एक प्रमुख कारण आहे. असे असूनही ‘हे मूल नेमके कशाने मरते?’ या साध्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत मिळालेले नव्हते. या विलंबाची कारणे वैद्यकशास्त्राइतकीच इतिहासातही शोधावी लागतात.

उद्दिष्टे आणि अभ्यासपद्धती

प्रस्तुत शोधनिबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) मेंदूतील हिवतापाविषयीच्या ज्ञानाचे ऐतिहासिक टप्पे निश्चित करणे, (२) प्रतिमाचित्रणामुळे जुन्या गृहीतकांत झालेले बदल तपासणे, (३) तंत्रज्ञानाची उपलब्धता आणि ज्ञाननिर्मिती यांतील संबंध स्पष्ट करणे. यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित वैद्यकीय संशोधनाचा आधार घेतला आहे. विवेचन इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने केलेले असल्याने वैद्यकीय तपशील आवश्यक तेवढेच दिले आहेत.

सूक्ष्मदर्शकाचा काळ : मृत मेंदूची साक्ष

६ नोव्हेंबर १८८० रोजी अल्जीरियातील कॉन्स्टँटाइन येथील लष्करी रुग्णालयात चार्ल्स लाव्हरां या फ्रेंच लष्करी वैद्याने हिवतापाच्या रोग्याच्या रक्तात परजीवी पाहिला. त्यानंतर संशोधनाचे केंद्र काही काळ इटलीकडे सरकले. कामिल्लो गोल्जी यांनी १८८० च्या दशकाच्या मध्यात तापाची पाळी आणि परजीवीचे रक्तातील विभाजन यांचा संबंध दाखवून दिला. याच गोल्जी यांनी १८७३ मध्ये चेतापेशी रंगवण्याची पद्धत शोधून मेंदूच्या सूक्ष्मरचनेचा अभ्यास शक्य केला होता आणि १९०६ चे नोबेल पारितोषिक त्यांना या चेतासंस्थेवरील कार्यासाठीच मिळाले. मेंदू आणि हिवताप हे दोन्ही विषय एकाच शास्त्रज्ञाच्या टेबलावर आले. मात्र त्यांची सांगड घालण्याचे काम इतरांकडून झाले.

ते काम एत्तोरे मार्क्याफावा आणि आमिको बिन्यामी या रोममधील शास्त्रज्ञांनी केले. रोमच्या परिसरात उन्हाळ्याच्या अखेरीस येणाऱ्या घातक तापाने मरण पावलेल्यांचे मेंदू तपासताना त्यांना सूक्ष्म केशवाहिन्या परजीवीयुक्त तांबड्या पेशींनी गच्च भरलेल्या दिसल्या. बोटाच्या रक्तात थोडेच परजीवी आणि मेंदूत मात्र त्यांची दाटी, ही विसंगती त्यांनी १८९० च्या दशकात नोंदवली. त्यावरून केशवाहिन्या तुंबल्याने मेंदूचा रक्तपुरवठा अडतो आणि रोगी बेशुद्ध होतो, हा सिद्धान्त पुढे आला. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या जठराच्या भित्तिकेत परजीवी पाहिला आणि त्यानंतर संशोधकांचे व शासनांचे लक्ष स्वाभाविकपणेच डासाकडे वळले. मेंदूचा प्रश्न रोमच्या शवविच्छेदनगृहात ज्या टप्प्यावर होता, तेथेच तो बराच काळ थबकला.

मार्क्याफावा व बिन्यामी यांचे निरीक्षण अचूक होते हे नंतरच्या संशोधनाने सिद्ध झाले. फाल्सिपेरम परजीवी तांबड्या पेशीत वाढू लागला की त्या पेशीच्या पृष्ठभागावर बारीक गाठी तयार होतात आणि त्यांच्यावरील प्रथिनांच्या साहाय्याने ती पेशी रक्तवाहिनीच्या अस्तराला चिकटून बसते. परजीवीच्या सुमारे ४८ तासांच्या जीवनचक्राचा उत्तरार्ध असा चिकटलेल्या अवस्थेत जातो. त्यामुळे रक्ततपासणीत दिसणारे परजीवी हे शरीरातील एकूण परजीवींचा केवळ एक भाग असतात. थायलंडमधील रुग्णांच्या मेंदूंचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली केलेला अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यानेही मेंदूतील या साठ्याला दुजोरा दिला.

तथापि या साक्षीला एक मूलभूत मर्यादा होती. शवविच्छेदन केवळ मृतांचे होते. जो रोगी तितकाच बेशुद्ध होता पण वाचला, त्याच्या मेंदूत काय घडत होते हे त्यातून समजत नाही. केशवाहिन्या तुंबलेल्या असूनही अनेक रोगी दोन-तीन दिवसांत शुद्धीवर येऊन चालू-बोलू लागतात, याचे स्पष्टीकरण ‘तुंबलेली वाहिनी’ हा सिद्धान्त एकटा देऊ शकत नव्हता. तसेच मृत्यूनंतर मेंदूत दिसणारी सूज ही मृत्यूचे कारण आहे की मृत्यूच्या प्रक्रियेचा परिणाम आहे, हेही ठरवता येत नव्हते.

अंदाजावरील उपचार

मेंदूला सूज येते असे गृहीत धरल्यास ती उतरवणारी औषधे देणे ओघानेच आले. या तर्काने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेंदूतील हिवतापाच्या रोग्यांना स्टेरॉइड वर्गातील डेक्सामेथासोन देण्याची प्रथा रूढ झाली. तिची कसोटी डेव्हिड वॉरेल, सोर्नचाई लुआरेसुवान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थायलंडमध्ये घेतली. १०० बेशुद्ध रोग्यांवरील ही चाचणी १९८२ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्ही गटांतील मृत्यूंची संख्या जवळजवळ सारखीच होती. मात्र डेक्सामेथासोन मिळालेल्या रोग्यांची बेशुद्धी सरासरी ६३ तास, तर न मिळालेल्यांची ४७ तास टिकली. न्यूमोनिया, जठरांत्रातील रक्तस्राव यांसारखे उपद्रवही पहिल्या गटात अधिक आढळले. सद्हेतूने दिले जाणारे औषध प्रत्यक्षात अपाय करत होते.

या घटनेचे महत्त्व केवळ औषधशास्त्रीय नाही. जिवंत मेंदू न पाहता मृत मेंदूवरून बांधलेल्या तर्काच्या आधारे उपचार ठरवल्यास काय घडू शकते, याचे ते उदाहरण आहे. जिवंत मेंदू पाहण्याची गरज या टप्प्यावर प्रकर्षाने पुढे आली.

सीटी स्कॅन : पहिली दृष्टी आणि परस्परविरोधी उत्तरे

कवटी न उघडता मेंदूचे छेद दाखवणाऱ्या सीटी स्कॅनचा रुग्णावरील पहिला वापर ऑक्टोबर १९७१ मध्ये लंडनजवळील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात झाला. या शोधासाठी गॉडफ्रे हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉरमॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हिवतापाच्या संदर्भात या यंत्राचा महत्त्वाचा वापर पुन्हा थायलंडमध्येच झाला. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लुआरेसुवान व सहकाऱ्यांच्या अभ्यासात बेशुद्ध प्रौढ रोग्यांचे सीटी स्कॅन घेतले असता बहुतेकांच्या मेंदूत बेशुद्धीच्या काळात पाणी साठल्याची लक्षणे दिसली नाहीत. डेक्सामेथासोनच्या अपयशाचे स्पष्टीकरण जणू या चित्रांतच मिळाले आणि ‘मेंदूची सूज हे बेशुद्धीचे कारण नव्हे’ असे मत प्रबळ झाले.

परंतु हे रोगी आशियाई आणि प्रौढ होते, तर रोगाचे बहुसंख्य बळी आफ्रिकी बालके होती. केनियाच्या किनाऱ्यावरील किलिफी येथे चार्ल्स न्यूटन व सहकाऱ्यांनी बालकांच्या कवटीतील दाब वाढलेला असल्याचे १९९० च्या दशकाच्या आरंभी दाखवले. १९९४ मध्ये त्यांनी १४ बालकांच्या सीटी स्कॅनचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी सहा बालकांत मेंदूला सूज आढळली. काहींच्या मेंदूतील काही भाग रक्तपुरवठ्याअभावी कायमचे निकामी झालेले दिसले.

थायलंडचे उत्तर एक आणि केनियाचे दुसरे, अशी ही स्थिती होती. दोन्ही अभ्यास काळजीपूर्वक केलेले होते. मात्र रुग्णसंख्या लहान होती आणि वयोगट भिन्न होते. शिवाय सीटी स्कॅन मेंदूचा आकार दाखवत असला तरी सूज कोणत्या स्वरूपाची आहे हे सांगण्याची त्याची क्षमता मर्यादित होती. १९९५ मध्ये थायलंडमधील २४ प्रौढ रोग्यांच्या एमआरआय प्रतिमांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आजारपणात मेंदूचे आकारमान वाढते, पण ही वाढ पाण्यापेक्षा मेंदूतील वाढलेल्या रक्तामुळे असावी, असा निष्कर्ष काढण्यात आला.

ब्लांटायर : निदानाची फेरतपासणी

या इतिहासाचे पुढचे केंद्र मलावी हे दक्षिण-पूर्व आफ्रिकेतील राष्ट्र होय. तेथील ब्लांटायर शहरातील क्वीन एलिझाबेथ सेंट्रल हॉस्पिटलमध्ये माल्कम मॉलिन्यू, टेरी टेलर आणि त्यांचे सहकारी १९८० च्या दशकापासून काम करत होते. न बोलणाऱ्या लहान मुलांना प्रौढांसाठीची बेशुद्धीची मोजपट्टी लागू पडत नसल्याने त्यांनी शून्य ते पाच गुणांची स्वतंत्र मोजपट्टी तयार केली. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेली ही ‘ब्लांटायर कोमा मोजपट्टी’ पुढे सर्वत्र वापरली जाऊ लागली.

याच रुग्णालयातील शवविच्छेदनाच्या अभ्यासाने एक अस्वस्थ करणारे सत्य पुढे आणले. मेंदूतील हिवताप असे निदान होऊन मरण पावलेल्या ३१ बालकांचे शवविच्छेदन करण्यात आले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांपैकी सात, म्हणजे सुमारे २३ टक्के बालकांच्या मृत्यूचे कारण हिवताप नव्हतेच. त्यांच्या रक्तात परजीवी होते, ती बेशुद्धही होती. पण मृत्यू अन्य आजाराने झाला होता. हिवतापाच्या प्रदेशात परजीवी अंगावर वागवत हिंडणारी मुले पुष्कळ असतात. अशा मुलाला दुसऱ्या आजाराने बेशुद्धी आली तर रक्ततपासणी वैद्याची दिशाभूल करू शकते. याचा अर्थ असा की, केवळ रक्ततपासणी आणि बेशुद्धी यांवर आधारलेल्या पूर्वीच्या अभ्यासांत व औषधचाचण्यांत हिवतापाने बेशुद्ध नसलेले रोगीही मिसळलेले असण्याची शक्यता मान्य करावी लागते. हे ज्ञान नुकतेच मूल गमावलेल्या आईवडिलांनी शवविच्छेदनास संमती दिल्यामुळे शक्य झाले, याची इतिहासाने नोंद घेणे आवश्यक आहे.

खरा मेंदूतील हिवताप ओळखण्याची खूण कोणती, या प्रश्नाचे उत्तर अनपेक्षितपणे डोळ्यात सापडले. सुझन लेवालेन व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मलावीतील बेशुद्ध बालकांच्या दृष्टिपटलावरील विशिष्ट बदलांचे वर्णन केले होते : पटलावरील पांढुरके डाग, रक्तवाहिन्यांचा बदललेला रंग आणि बारीक रक्तस्राव. दृष्टिपटल हा भ्रूणविकासाच्या दृष्टीने मेंदूचाच विस्तार आहे. त्यामुळे तेथील केशवाहिन्यांत जे दिसते ते मेंदूतील घडामोडींचे प्रतिबिंब मानता येते. २००४ च्या शवविच्छेदन अभ्यासात हिवतापाने झालेले मृत्यू आणि इतर कारणांनी झालेले मृत्यू यांत भेद करू शकणारे एकमेव वैद्यकीय लक्षण दृष्टिपटलावरील हे बदल ठरले. डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्येच तयार केले होते. परजीवीच्या शोधाहून जुने आणि तुलनेने अत्यंत स्वस्त असे हे उपकरण जिवंत मेंदूच्या रक्तवाहिन्यांची खबर देऊ शकते, हे समजायला जवळजवळ दीड शतक लागले.

एमआरआय : मृत्यूच्या कारणाचा उलगडा

चुंबकीय क्षेत्र आणि रेडिओलहरी यांच्या साहाय्याने प्रतिमा घेणारे एमआरआय तंत्र १९८० च्या दशकात पाश्चात्त्य रुग्णालयांत प्रचलित झाले. या तंत्राच्या पायाभूत शोधांसाठी पॉल लॉटरबर व पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वर्षी मलावीत मात्र एकही एमआरआय यंत्र नव्हते. अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या पुढाकाराने आणि जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या देणगीतून ब्लांटायर येथे असे यंत्र २००८ मध्ये बसवण्यात आले. त्याची चुंबकीय शक्ती ०.३५ टेस्ला इतकी, म्हणजे मोठ्या रुग्णालयांतील नेहमीच्या १.५ टेस्ला यंत्रांच्या तुलनेत बरीच कमी होती. तरीही या यंत्राने शंभर वर्षांच्या वादाला निर्णायक वळण दिले.

टेरी टेलर, कार्ल सायडेल आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास मार्च २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मेंदूतील हिवतापाचे निदान होऊन दाखल झालेल्या ३४८ बालकांपैकी निकषांत बसणाऱ्या १६८ बालकांचा त्यात समावेश होता. यांपैकी २५ बालके, म्हणजे सुमारे १५ टक्के, दगावली. दगावलेल्या २५ पैकी २१ बालकांच्या मेंदूला दाखल होतानाच तीव्र सूज आलेली होती. हे प्रमाण ८४ टक्के होते. वाचलेल्या १४३ बालकांपैकी ३९ जणांत, म्हणजे २७ टक्क्यांत, अशी सूज दिसली. वाचलेल्यांचे पुन्हा एमआरआय काढले असता ही सूज उतरत गेल्याचे आढळले. कवटीच्या बंदिस्त पोकळीत सुजलेला मेंदू खाली दाबला जातो, मेंदूच्या तळाशी असलेल्या श्वासकेंद्रावर दाब येतो आणि श्वास थांबतो, असा मृत्यूचा मार्ग या प्रतिमांवरून मांडता आला.

या निष्कर्षाची तुलना मार्क्याफावा व बिन्यामी यांच्या सिद्धान्ताशी केली असता असे दिसते की, जुना सिद्धान्त खोटा ठरला नाही. तो अपुरा ठरला. केशवाहिन्या तुंबतात हे खरेच आहे. मात्र कोणते मूल मरते आणि कोणते वाचते, हा भेद सुजेच्या तीव्रतेशी निगडित असल्याचे दिसले. ही सूज परत फिरू शकते, ही या अभ्यासातील आशादायक बाब होय. काही तास श्वास कृत्रिमरीत्या चालू ठेवल्यास मूल वाचू शकेल काय, हा पुढील संशोधनाचा प्रश्न त्यातूनच उभा राहिला.

राउरकेला : भारतातील अभ्यास

भारतातील या विषयावरील महत्त्वाचे कार्य ओडिशातील राउरकेला येथील इस्पात जनरल हॉस्पिटलमध्ये झाले. पोलाद कारखान्याच्या कामगारांबरोबरच सुंदरगढ जिल्ह्यातील जंगलपट्टीतील आदिवासी रुग्ण येथे येत असल्याने गंभीर हिवतापाचा अभ्यास येथे शक्य झाला. बांगलादेश, भारत, इंडोनेशिया व म्यानमार या चार देशांतील १,४६१ रुग्णांच्या ज्या चाचणीने २००५ मध्ये आर्टेसुनेट हे औषध क्विनाइनपेक्षा सरस असल्याचे सिद्ध केले (मृत्यू अनुक्रमे १५ व २२ टक्के), तिच्यात या रुग्णालयाचा सहभाग होता.

संजीब मोहंती व सहकाऱ्यांनी येथे १२६ प्रौढ रुग्णांचे सीटी स्कॅन घेतले. त्यांपैकी ८० जणांच्या, म्हणजे ६३ टक्क्यांच्या मेंदूला सूज आढळली. सूज असलेल्या ६१ रुग्णांपैकी ३० जणांना क्विनाइनबरोबर सूज उतरवणारे मॅनिटॉल देण्यात आले आणि ३१ जणांना केवळ क्विनाइन. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मॅनिटॉल मिळालेले रुग्ण शुद्धीवर येण्यास मध्यमानाने ९० तास, तर न मिळालेले ३२ तास लागले. मॅनिटॉलच्या गटात मृत्यूही अधिक होते, मात्र तो फरक संख्याशास्त्रीय दृष्टीने निर्णायक नव्हता. डेक्सामेथासोनची कथा येथे वेगळ्या औषधाच्या रूपाने पुन्हा घडली. फरक एवढाच की, या वेळी सूज गृहीत न धरता ती प्रत्यक्ष पाहून मगच औषधाची परीक्षा घेतली गेली होती.

पुढे सॅम्युअल वासमर यांच्यासह केलेल्या एमआरआय अभ्यासांत राउरकेलाच्या संशोधकांनी सुजेच्या प्रकारांतील भेद तपासला. ऊतींतील पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजणारी एमआरआयची एक पद्धत आहे. रक्तवाहिन्यांतून झिरपलेले पाणी पेशींबाहेर साठले आहे की ऑक्सिजनअभावी पेशी स्वतःच फुगल्या आहेत, हे तिच्यामुळे समजते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मेंदूच्या मागील भागात पहिल्या प्रकारची सूज बालके व प्रौढ या दोहोंत आढळली, तर मेंदूच्या गाभ्यातील केंद्रकांत दुसऱ्या प्रकारची, पण परतून येणारी सूज मुख्यतः प्रौढांत दिसली. २०२१ च्या अभ्यासाने हा भेद अधिक स्पष्ट केला : बालकांचा मृत्यू प्रामुख्याने तीव्र सुजेशी, तर प्रौढांचा मृत्यू मेंदूला ऑक्सिजन न मिळाल्याने होणाऱ्या व्यापक इजेशी संबंधित आहे. थायलंड आणि केनिया यांच्या उत्तरांतील १९८० व १९९० च्या दशकांतील विसंगतीचा बराचसा उलगडा यामुळे होतो. दोन्ही ठिकाणचे संशोधक आपापल्या रुग्णांविषयी खरेच सांगत होते. रोगाचा मार्गच वयानुसार भिन्न होता. बेशुद्ध नसलेल्या फाल्सिपेरमच्या रुग्णांच्या मेंदूतही बदल दिसू शकतात, असे याच गटाने २०२२ मध्ये दाखवले.

‘बरा झाला’ या नोंदीचा अर्थ

रुग्णालयाच्या दप्तरात रुग्णाची नोंद ‘मृत’ किंवा ‘बरा होऊन घरी’ अशी होते. हिवतापाची जुनी आकडेवारी याच दोन रकान्यांत मांडलेली आहे. प्रत्यक्षात घरी गेलेल्या मुलाचा आजार संपलेला असतोच असे नाही. ग्रेचेन बर्बेक व सहकाऱ्यांनी ब्लांटायर येथे दृष्टिपटलाच्या तपासणीने निदान पक्के झालेल्या व वाचलेल्या १३२ बालकांचा पाठपुरावा केला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांपैकी १२ जणांना पुढे अपस्मार जडला. तुलनेच्या गटातील २६४ बालकांपैकी एकालाही तो झाला नाही. चालणे, बोलणे, वर्तन यांसंबंधीचे नवे दोष तपासलेल्या १२१ पैकी २८ बालकांत आढळले, तर तुलनेच्या गटातील २५३ पैकी केवळ दोघांत. युगांडातील कंपाला येथील २००८ च्या अभ्यासानुसार आजारानंतर दोन वर्षांनी २६.३ टक्के मुलांत आकलन, स्मरण वा अवधान यांपैकी एखाद्या क्षेत्रात उणीव राहिली होती. समाजातील इतर मुलांत हे प्रमाण ७.६ टक्के होते.

इतिहासाच्या दृष्टीने हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. हिवतापाने समाजाचे केलेले नुकसान मोजताना आपण मृत्यू आणि बुडालेले कामाचे दिवस यांची गणना करतो. शाळेत मागे पडलेले मूल, आकडी येते म्हणून घरात ठेवलेली मुलगी, यांची नोंद हिवतापाच्या खात्यावर होत नाही. पूर्वीच्या काळातील गावोगावच्या तापांच्या साथींनी अशी किती मुले मागे ठेवली असतील, याचा अंदाज कोणत्याही दप्तरावरून बांधता येत नाही. प्रतिमाचित्रण आणि पाठपुरावा यांनी निदान आजच्या रोग्यांसाठी तरी हा तिसरा रकाना उघडला आहे.

यंत्राचा भूगोल

या आढाव्यातून एक कालक्रम ठळकपणे पुढे येतो. सीटी स्कॅनच्या पहिल्या वापरानंतर सुमारे बारा वर्षांनी थायलंडच्या रुग्णांचा आणि तेवीस वर्षांनी केनियाच्या बालकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एमआरआय पाश्चात्त्य रुग्णालयांत रुळल्यानंतर ते मलावीपर्यंत येण्यास दोन दशकांहून अधिक काळ जावा लागला. या अवधीत तंत्र अज्ञात नव्हते आणि रोगही दुर्मीळ नव्हता. यंत्र आणि रोगी यांच्यातील अंतर आर्थिक व राजकीय होते. ज्ञान उशिरा येण्याचे कारण प्रत्येक वेळी बुद्धीची मर्यादा नसते, हे वैद्यकाच्या इतिहासकाराने ध्यानात ठेवले पाहिजे.

त्याचबरोबर यंत्राच्या साक्षीची मर्यादाही मान्य केली पाहिजे. यंत्रापर्यंत जिवंत पोहोचलेल्या मुलांचीच प्रतिमा निघते. वाटेत किंवा घरी दगावलेली मुले या चित्रांत नाहीत. महाराष्ट्रातील गडचिरोलीसारख्या हिवतापग्रस्त वनप्रदेशाचा विचार करता, तापाचे मूल आरोग्य केंद्रापर्यंत वेळेत पोहोचणे हाच पहिला प्रश्न असतो. तेथे जलद रक्तचाचणी, वेळेवर मिळणारे आर्टेसुनेट आणि मच्छरदाणी यांचे मोल कोणत्याही प्रतिमेपेक्षा अधिक आहे. प्रतिमाचित्रणाचे कार्य या उपायांना पर्याय देण्याचे नसून, या उपायांनंतरही मूल का मरते हे सांगण्याचे आहे.

निष्कर्ष

१. मेंदूतील हिवतापाविषयीचे १८९० च्या दशकातील शवविच्छेदनावर आधारित ज्ञान अचूक परंतु एकांगी होते. वाचलेल्या रुग्णांविषयी ते मौन बाळगत होते.

२. जिवंत मेंदूची प्रतिमा उपलब्ध नसताना केवळ तर्कावर योजलेला डेक्सामेथासोनचा उपचार अपायकारक ठरला. मॅनिटॉलच्या अनुभवावरून असेही दिसते की, सूज दिसणे आणि ती उतरवण्याचा मार्ग सापडणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.

३. मलावीतील अभ्यासाने बालकांच्या मृत्यूचा तीव्र सुजेशी असलेला संबंध, तर राउरकेलाच्या अभ्यासांनी वयानुसार बदलणारा रोगाचा मार्ग स्पष्ट केला.

४. निदानाच्या अचूकतेत सर्वांत मोठी भर दृष्टिपटलाच्या तपासणीसारख्या साध्या साधनाने घातली. साधनाची किंमत आणि त्यापासून मिळणारे ज्ञान यांचे प्रमाण नेहमीच सम नसते.

५. वाचलेल्या बालकांतील अपस्मार व बौद्धिक उणिवा लक्षात घेता हिवतापाच्या सामाजिक इतिहासाची फेरमांडणी आवश्यक आहे.

अखेरीस एका संबंधाचा निर्देश करणे उचित ठरेल. ज्या मलावीत या रोगाच्या मृत्यूचे कारण प्रतिमेतून उलगडले, त्याच देशात एप्रिल २०१९ मध्ये हिवतापाच्या पहिल्या लसीचा प्रायोगिक वापर सुरू झाला. ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केलेल्या दुसऱ्या लसीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये केली. तिचे उत्पादन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये होते. मेंदूपर्यंत पोहोचण्याआधीच परजीवीला अडवणे हा या रोगावरील सर्वांत खात्रीचा उपाय असल्याने, लस, मच्छरदाणी आणि त्वरित उपचार यांचा प्रसार जसजसा वाढेल तसतशी अशा प्रतिमा काढण्याची गरज कमी होत जाईल. तोपर्यंत बेशुद्ध मुलाला वाचवण्याचा मार्ग शोधण्यासाठी त्या आवश्यकच राहतील.